व्हाउचर फाईलमधल्या चिठ्ठ्या

सलग चार वर्षं मी एकही रविवार चुकवला नाही आणि त्या चार वर्षांत एकही संदेश, म्हणजे पाळकांचं प्रवचन, शेवटपर्यंत ऐकला नाही. दोन्हींचं कारण एकच. मी आमच्या चर्चच्या मंडळीची खजिनदार होते.

आमची मराठी मंडळी कोपरखैरण्यात एका शाळेच्या हॉलमध्ये भरते. स्वतःची इमारत नाही. साडेआठला हॉल उघडायचा, खुर्च्या मांडायच्या, फळ्यावरच्या सुविचारावर क्रूसाचं कापड टाकायचं, नऊला उपासना आणि अकराला हॉल रिकामा. अकरा म्हणजे अकराच, कारण सव्वाअकराला तिथे मल्याळी मंडळी भरते आणि त्यांची गिटारवाली पोरं पावणेअकरापासून जिन्यात उभी असतात. त्यामुळे अर्पण, म्हणजे दानाचे पैसे, मोजायचं ते उपासना चालू असतानाच. थैल्या फिरून पुढे आल्या, पाळकसाहेबांनी अर्पणाची प्रार्थना केली, की मी आणि कमिटीतले एक निवृत्त काका त्या उचलून शेजारच्या स्टाफरूममध्ये जायचो.

स्टाफरूमच्या टेबलावर थैली उलटी केली की आधी नाणी पळतात. एखादं कपाटाखाली जातंच. मग नोटा सरळ करायच्या. काही पोळ्यांसारख्या चौघडी घातलेल्या, काही घामानं मऊ झालेल्या, एखादीला हळदीचा वास. मग पाकिटं: मासिक वर्गणीची, दशांशाची (उत्पन्नाचा दहावा भाग), वाढदिवसाच्या किंवा लग्नाच्या वाढदिवसाच्या उपकारस्तुतीची. काका आकडे मोठ्यानं म्हणायचे, मी लिहायचे. भिंतीपलीकडून पाळकसाहेबांचा आवाज यायचा, पण शब्द कळायचे नाहीत. आवाज चढला की मुद्दा महत्त्वाचा असणार, एवढंच. पुढे मला आवाजावरूनच कळायला लागलं की आता दाखला आला, आता संपत आलं, आता उठून उभे राहतील. शेवटच्या गीताला आम्ही हॉलमध्ये परत. कुणी दारात विचारलंच, ‘आजचा संदेश काय सुंदर झाला ना?’ तर मी मान डोलवायचे. खजिनदारानं खोटं बोलू नये म्हणतात. मी बोलत नव्हते, नुसती मान हलवत होते.

उपकारस्तुतीच्या पाकिटांत कधीकधी पैशांबरोबर चिठ्ठी निघायची. पूर्वी या चिठ्ठ्या पाळकसाहेबांकडे जायच्या आणि संदेशाआधीच्या मध्यस्थीच्या प्रार्थनेत त्यांतली नावं घेतली जायची. मग लॉकडाऊनच्या काळात प्रार्थना-विनंत्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप झाला आणि तो इतका छान चालला, की आता चिठ्ठ्या संपल्या असं आम्ही सगळ्यांनी धरून चाललो. ज्यांच्याकडे साधा फोन होता त्यांनी मात्र लिहिणं थांबवलं नव्हतं. आमच्या पुढ्यात चिठ्ठी यायची, वेळ कमी असायचा, काका पुढचा आकडा म्हणत असायचे. मी एका पतपेढीत हिशेब बघते. हिशेबाच्या माणसाला कागद फेकवत नाही. मी चिठ्ठी त्या दिवसाच्या मोजणीच्या कागदाला टाचणीनं लावायचे आणि कागद व्हाउचर फाईलमध्ये.

सार्वजनिक न्यासाचा हिशेब दरवर्षी ऑडिट होऊन धर्मादाय कार्यालयात जावा लागतो. आमचं ऑडिट ठाण्यात नौपाड्यातल्या एका सीएकडे होतं. त्या वर्षी तिथे एक नवीन आर्टिकलशिप करणारी मुलगी होती. फाईल चाळता चाळता थांबली.

“मॅडम, ही कसली व्हाउचरं?”

तिच्या बोटाखाली शाळेच्या वहीचं फाडलेलं पान होतं. ‘नातवाची दहावी आहे. गणित कच्चं आहे. प्रार्थना करा.’ खाली नाव आणि पत्ता, दिघा. टाचणीला धरून मोजणीच्या कागदावर माझ्या अक्षरात: उपकारस्तुती, रु. १०.

मी सांगितलं की अशा विनंत्या येतात. तिनं पान उलटलं, आणखी एक वाचली, आणखी एक. ती ख्रिस्ती नव्हती. कपाळावर टिकली होती, टेबलावर साईबाबांचा छोटा फोटो. फाईल माझ्याकडे सरकवत तिनं अगदी सहज विचारलं, “पास झाला का तो?”

मला माहीत नव्हतं.

ती फाईल पिशवीत घालून मी तलावपाळीवर येऊन बसले. ठाण्यात काम संपलं की मी मासुंदा तलावाच्या काठी दहा मिनिटं बसते, सवयच आहे. पलीकडे सेंट जॉन द बाप्टिस्टचं पोर्तुगीज काळापासूनचं चर्च. आमच्या सासऱ्यांना, म्हणजे दादांना, ठाण्याच्या इतिहासाचा नाद होता. ते सांगायचे की हे चर्च तर परवाचं, ठाण्यात ख्रिस्ती माणसं त्याच्याही कितीतरी आधीची. आणि मग ते १३२१ ची गोष्ट सांगायचे.

चार फ्रान्सिस्कन, म्हणजे संत फ्रान्सिसच्या संघातले, साधू चीनला निघाले होते, ते त्या वर्षी ठाण्याला उतरले आणि इथल्या एका नेस्टोरियन, म्हणजे पूर्वेकडच्या जुन्या पंथातल्या, ख्रिस्ती माणसाच्या घरी राहिले. गावात अशी पंधरा ख्रिस्ती घरं होती. ओडोरिक नावाच्या दुसऱ्या फ्रान्सिस्कन प्रवाशानं हे लिहून ठेवलंय. तो थोड्या काळानं ठाण्याला आला आणि त्या साधूंची हाडं बरोबर घेऊन जहाजानं चीनपर्यंत गेला. चौघेही इथे मारले गेले. धर्मावरून दरबारात वाद झाला आणि त्यात त्यांचा जीव गेला, एवढं बहुतेक ठिकाणी वाचायला मिळतं. पण वाद सुरू कुठून झाला? ओडोरिक सांगतो की त्या घरातल्या नवराबायकोचं भांडण झालं आणि नवऱ्यानं बायकोला मारलं. ती दुसऱ्या दिवशी काजीकडे दाद मागायला गेली. साक्षीदार कोण, असं विचारल्यावर ती म्हणाली, आमच्याकडे चार फिरंगी साधू उतरलेत, त्यांनी पाहिलंय. म्हणून त्यांना बोलावणं गेलं. पुढचं सगळं तिथून.

दादांना या गोष्टीतली हौतात्म्याची बाजू प्रिय. माझ्या मनात ती बाई राहिली. ख्रिस्ती घर, घरात उतरलेले चार साधू, रोजची प्रार्थना नक्की होत असणार, आणि त्याच छताखाली तिनं मार खाल्ला. चर्चच्या इतिहासात तिचं नाव नाही. ठाण्याचा पहिला ख्रिस्ती इतिहास उघडतो तो मात्र तिच्या तक्रारीपासून.

त्या दिवशी तलावपाळीवर आणखी एक तपशील आठवला. दरबारात तिघेच गेले होते. चौथा, सिएनाचा पीटर, सामानाची राखण करायला घरी थांबला होता. म्हटलं, हा तर माझ्यासारखाच. थैली सांभाळायला मागे राहिलेला. अर्थात तो पुढे दोन दिवसांनी सापडला आणि त्यानं विश्वास सोडला नाही. माझी परीक्षा ‘पास झाला का तो’ एवढ्या एका प्रश्नाची होती, आणि मी ओशाळं तोंड करून तिथून निघाले होते.

चिठ्ठ्या मोजल्या. एकसष्ट निघाल्या.

आता घरचं सांगते. आमच्या घरातली प्रार्थना सासूबाईंनी चालवली. त्यांना मी आई म्हणते. आई महापालिकेच्या इस्पितळात सिस्टर होत्या. नगरकडच्या ख्रिस्ती घरांतून तेव्हा पुष्कळ मुली नर्सिंगला यायच्या, त्यांतल्या एक. सकाळ, दुपार, रात्र अशा फिरत्या पाळ्या. त्यामुळे ‘रोज रात्री आठला कौटुंबिक उपासना’ असला प्रकार आमच्याकडे शक्यच नव्हता. दर सोमवारी स्वयंपाकघराच्या दारावर आई खडूनं वेळ लिहायच्या. सकाळपाळीच्या आठवड्यात पहाटे पावणेपाच. रात्रपाळीच्या आठवड्यात संध्याकाळी सात, गणवेश घालून, भांडी तशीच ठेवून. एक गीत, एक शास्त्रभाग, दोघांची छोटी प्रार्थना, मग सगळ्यांनी ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’, आणि शेवटी लहानांनी मोठ्यांना सलाम करायचा. बारा मिनिटं. दादा म्हणायचे, “आटपा, देवाला बाकीची घरंही आहेत.”

मी लग्न होऊन आले तेव्हा हे बारा मिनिटांचं प्रकरण मला जरा गमतीचंच वाटलं होतं. माझ्या माहेरी मोठ्या लांब प्रार्थना असायच्या. वडील अख्ख्या पंचक्रोशीतले आजारी आठवायचे आणि आम्ही भावंडं गुडघ्यांवर डुलक्या काढायचो. पण इथली प्रार्थना चुकायची नाही. वेळ सरकायची, चुकायची नाही.

ती बंद कधी पडली, ते सांगता येत नाही. कुणी बंद केली नाही. दादा गेले, आई निवृत्त झाल्या, आम्ही कळव्याहून ऐरोलीला सिडकोच्या घरात आलो, माझ्या नवऱ्याची न्हावाशेव्याची शिफ्ट सुरू झाली. आणि मी कमिटीत निवडून आले. गुरुवारी कमिटीची मीटिंग, शनिवारी गायनाची तालीम, नाताळात घरोघर कॅरल, मार्चअखेर हिशेब, त्यात सिडकोकडे प्लॉटसाठी अर्ज करायचा म्हणून वेगळी उपसमिती. रात्री साडेनऊला घरी यायचे ती पाय ओढत. मनात स्पष्ट असायचं: मी देवाचंच काम करून आलेय, आता पुन्हा घरी वेगळं काय करायचं?

आई आपल्या खोलीत एकट्या गीत म्हणायच्या. ‘उपासना संगीत’ या आमच्या गीतपुस्तकातलं एखादं रेव्हरंड ना. वा. टिळकांचं भजन, चाल जुनी. मी ताट वाढून घेत बाहेर ऐकत असायचे. त्या त्यांचा वरचा आवाज म्हणायच्या आणि जिथे दादांचा खालचा आवाज एकटा जायचा तिथे थांबायच्या, तेवढ्या मात्रा मोजून पुन्हा सुरू करायच्या. ती मोकळी जागा भरायला मी कधी आत गेले नाही. जेवत होते.

कमिटीबद्दल एक शब्द वावगा लिहायचा नाही असं ठरवलं होतं, पण पडद्यांची मीटिंग सांगितल्याशिवाय राहवत नाही. चाळीस सेकंदांची प्रारंभीची प्रार्थना, ‘प्रभू, तूच या सभेचा अध्यक्ष हो’, आणि मग स्टेजमागच्या पडद्याचा रंग जांभळा की मरून यावर पावणेदोन तास. प्रभू अध्यक्ष होता खरा, पण त्याला बोलायची संधी मिळाली नाही. मीच त्या सभेचं इतिवृत्त लिहिलं, व्यवस्थित, सूचक अनुमोदकासह. सगळी भली माणसं होती. प्रत्येकजण नोकरी करून, लोकलची गर्दी खाऊन तिथे आलेला. कुणालाही पडद्याचं वेड नव्हतं. सगळ्यांनाच काहीतरी नीट करायचं होतं आणि पडदा हे नीट करता येण्यासारखं होतं.

प्रकटीकरणात, म्हणजे बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, इफिस शहरातल्या मंडळीला पत्र आहे. त्या मंडळीचे श्रम, धीर, खोट्या शिक्षकांना पारखणं, सगळ्याची नोंद घेतलेली आहे, आणि नंतर एका वाक्यात म्हटलंय की तू आपली पहिली प्रीती सोडली आहेस. मी ते वाक्य शंभरदा ऐकलं असेन. इफिसच्या लोकांना श्रम कमी करा असं सांगितलेलं नाही, हे मात्र तलावपाळीहून परत येताना ट्रान्स-हार्बरच्या गाडीत पहिल्यांदा ध्यानात आलं.

रेव्हरंड टिळकांचं उदाहरण आमच्याकडे सगळेच देतात, म्हणून द्यायला जरा संकोच वाटतो. पण त्यांच्या आयुष्यातली शेवटची दोन वर्षं सहसा कुणी सांगत नाही. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेला हा माणूस बावीस वर्षं मिशनच्या चौकटीत राहिला, आणि १९१७ मध्ये ती नोकरी सोडून साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ मांडून बसला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोघांनाही तिथे जागा होती. अट ख्रिस्ताच्या मागे चालण्याची. १९१९ मध्ये ते गेले. दरबार टिकला नाही. तो टिकवायला कमिटी लागली असती, असं माझ्यातली खजिनदार म्हणते, आणि मी तिला गप्प करत नाही. कारण हॉलचं भाडं कुणीतरी भरावं लागतं.

मार्था आणि मरीयेच्या गोष्टीवर मी आजवर जितके संदेश ऐकले (खजिनदार होण्याआधी), ते सगळे मरीयेच्या बाजूनं होते. येशू घरी आला तेव्हा मार्था कामात गुंतली आणि बहीण मरीया त्याच्या पायाशी ऐकत बसली, ती गोष्ट. ‘मार्था, मार्था, तू पुष्कळ गोष्टींविषयी काळजी व दगदग करतेस.’ संदेश देणारे झाडून सगळे पुरुष. आणि संदेश संपल्यावर बाहेर चहा तयार असायचा. तो कुणी केला असेल? योहानाच्या शुभवर्तमानात याच मार्थेनं, भाऊ मेलेला असताना, गावाबाहेर जाऊन येशूला तोंडावर सांगितलं की तू ख्रिस्त आहेस, देवाचा पुत्र आहेस. मरीया तेव्हा घरात बसून होती. तेव्हा मार्थेला मोडीत काढू नये. तरीही ‘एकाच गोष्टीचे अगत्य आहे’ हे वाक्य तिलाच उद्देशून आहे, आणि त्या फाईलवर हात ठेवून बसल्यावर ते मला टाळता येईना. ‘अगत्य’ हा शब्द आपण हल्ली लग्नपत्रिकेपुरता ठेवलाय. अगत्य म्हणजे जे आल्याशिवाय कार्य होत नाही ते. पाहुणे नाहीत तर लग्न कसलं? मग एकसष्ट चिठ्ठ्या न वाचता चार वर्षं हिशेब जुळवला, त्याला काय म्हणायचं?

त्या रात्री मी चिठ्ठ्या जेवणाच्या टेबलावर ओतल्या. आईंना आणि मुलाला सांगितलं, काय झालं ते. नवरा दुसऱ्या पाळीला होता.

आई काही बोलल्या नाहीत. चष्मा आणायला आत गेल्या. मुलगा अकरावीत आहे, त्याला प्रत्येक गोष्टीला फाटा फोडायची सवय. आमच्या दाराच्या आत एक लाकडी पाटी आहे, यहोशवाच्या पुस्तकातली: मी आणि माझे घराणे परमेश्वराची सेवा करणार. दादांनी लावलेली. दोन-तीन महिन्यांपूर्वी बूट घालता घालता त्यानं विचारलं होतं, “घराणे म्हणजे मीपण ना? मला कुणी विचारलं?” मी तेव्हा घाईत होते, त्याला ओरडले. नंतर वाटलं, प्रश्न वाईट नाही. टिळकांच्या घरात नवऱ्याचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये झाला आणि लक्ष्मीबाईंचा १९०० मध्ये, मधली वर्षं एक घराणं असं दुभंगूनच होतं. घराणं एकगठ्ठा वळत नाही. प्रत्येकाला आपापल्या पायांनी यावं लागतं, कुणी कधी येईल सांगता येत नाही. हे मी त्याला सांगायला हवं होतं. पण तो तोवर खाली जाऊन सायकल काढून गेला होता.

तर त्या रात्री तो म्हणाला, “आई, यातल्या अर्ध्या एक्स्पायर झाल्यात. ही दहावी तर दोन वर्षांपूर्वीची आहे.”

आई चष्मा लावत म्हणाल्या, “वॉर्डात एखादं औषध द्यायचं राहिलं, तर चार्टवर उशीर लिहायचा आणि डॉक्टरांना विचारून द्यायचं. राहिलं म्हणून फेकायचं नाही.”

“आणि डॉक्टर कोण?”

“तोच,” आई म्हणाल्या आणि पहिली चिठ्ठी उचलली.

रोज एक असं ठरलं. मुलानं वहीत रकाने आखले: चिठ्ठीची तारीख, प्रार्थनेची तारीख, उशीर. ‘उशीर’ रकान्यावर त्याचं फार प्रेम. ‘१ वर्ष ७ महिने’ वगैरे तो मोठ्यानं वाचायचा, माझ्याकडे न बघता. वाचायचा तो, प्रार्थना आईंची, मग तिघांनी किंवा चौघांनी ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’. पहिल्या रात्री सगळं मिळून चार मिनिटंही झाली नसतील. वेळ दारावर लिहायचा प्रश्न आला तर खडू नव्हता. आईंनी फ्रिजवर मार्करनं लिहिलं, ते अजून पुसलं जात नाही.

काय काय होतं त्या चिठ्ठ्यांत! ‘सिडकोच्या सोडतीत नंबर लागावा.’ ‘मिस्टरांची दारू सुटावी, नाव घेऊन प्रार्थना करू नये.’ ‘मुलगा कुवेतला आहे, फोन लागत नाही.’ ‘भावाशी बोलणं बंद आहे, चूक माझी आहे.’ एकीत नुसतं ‘गुडघे’ एवढंच. ही माणसं दर रविवारी माझ्याशी हात मिळवत होती. मी त्यांच्या वर्गणीचा महिना सांगू शकत होते. कुणाचे किती महिने थकलेत तेही तोंडपाठ.

गठ्ठ्यात मधेच एक चिठ्ठी निघाली, ती मुलाच्या आधी माझ्या हाताला लागली म्हणून बरं. इस्पितळाच्या पद्धतीनं वर कोपऱ्यात दिनांक आणि चोवीस तासांची वेळ: १४/९, २१.४०. खाली ओळखीच्या गोल, सरळ रेषेतल्या अक्षरात: ‘सूनबाईला जरा उसंत मिळो.’ नाव नाही. मोजणीच्या कागदावर माझ्याच हातची नोंद होती, उपकारस्तुती, रु. ५०.

समोर आई वाटाणे सोलत बसल्या होत्या. मी ती चिठ्ठी बायबलात ठेवून दिली, लूकच्या दहाव्या अध्यायापाशी, जिथे मार्थेची गोष्ट आहे. काही बोलले नाही. बोलायचं काय?

दिघ्याला जायचं मुलानं काढलं. म्हणाला, ‘पास झाला का’ हा कॉलम रिकामा राहिलाय. दिघा गाव स्टेशन २०२४ च्या जानेवारीत सुरू झालं. त्याआधी ती मावशी ऐरोलीपर्यंत शेअर रिक्षानं यायची आणि तिथून गाडी धरायची, म्हणजे दहा रुपये अर्पणात टाकायला तिला त्याहून जास्त भाडं पडत असणार. हेही मला तिथे जाईपर्यंत सुचलं नव्हतं. आम्ही तिघं गेलो, आई काठी टेकत. डोंगराच्या अंगाला दाटीनं चढत गेलेल्या घरांमधलं एक, दाराशी निळा ड्रम, आत भिंतीवर येशूचं कॅलेंडर, गेल्या वर्षीचं, चित्र चांगलं म्हणून ठेवलेलं.

“सलाम, खजिनदारबाई,” मावशी म्हणाली. मला आमच्या मंडळीत नावानं फारसं कुणी ओळखत नाही.

नातू मार्चला गणितात गेला होता, जुलैच्या पुरवणी परीक्षेत सुटला. छत्तीस मार्क. हे सांगताना तिचं तोंड असं काही उजळलं की छत्तीस हा आकडा मला पहिल्यांदा मोठा वाटला. आणि मग ती म्हणाली, “तुम्ही सगळ्यांनी प्रार्थना केली म्हणून सुटला बघा.”

आईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्या चहाच्या कपातली साय बाजूला करत होत्या. मुलगा मात्र सरळ माझ्याकडे बघत होता, वही मांडीवर.

“मावशी,” मी म्हटलं, “आम्ही केलीच नव्हती. तुमची चिठ्ठी माझ्याकडून फाईलमध्ये गेली. परवा परवा वाचली.”

ती गप्प बसली. स्टोव्ह बंद केला, पदरानं पातेलं उतरवलं. मला वाटलं आता रडेल, किंवा असू द्या म्हणेल.

“मग आता करा,” ती म्हणाली. “पास झालाय पण काम नाय त्याला. एपीएमसीत चार दिवस बोलावत्यात, चार दिवस नाय.”

आईंनी कप खाली ठेवला आणि तिथल्या तिथे डोळे मिटले. बारा मिनिटं झाली असतील. मुलानं ‘उशीर’ रकान्यात काय लिहिलं ते मी पाहिलं. आडवी रेघ ओढली होती.

कमिटीत मी दोन गोष्टी मांडल्या. चिठ्ठ्या थैलीतून वेगळ्या काढून संदेशाआधी पुढे द्यायच्या. यावर लगेच एकमत. आणि अर्पण उपासनेनंतर मोजायचं. यावर तासभर वाद. हॉल अकराला सोडावा लागतो, मग मोजणार कुठे? सुरक्षिततेचं काय? काकांचा मुद्दा बरोबरच होता. शेवटी ठरलं की थैल्या उपासना संपेपर्यंत पुढच्या टेबलावर सगळ्यांसमोर राहतील आणि नंतर जिन्याच्या वरच्या चौकात बसून मोजायचं. दोघांऐवजी चौघांनी.

चार वर्षांनी शेवटपर्यंत ऐकलेला पहिला संदेश, खरं सांगायचं तर, बेताचाच होता. पाळकसाहेब एकाच मुद्द्यावर तीनदा आले आणि दाखला मागच्या वर्षीचा होता, असं शेजारणीनं कानात सांगितलं. मी बसून ऐकला. शेवटी त्यांनी चिठ्ठ्यांतली नावं घेतली, सात होती.

गेल्या रविवारी आम्ही जिन्यात बसलो होतो. मल्याळी मंडळीची पोरं गिटारी उंच धरून आमच्या मधून पाय टाकत वर जात होती. त्यांच्यातला एक छोटा दर रविवारी थांबून नाणी बघतो, त्याला आम्ही वीसची नाणी वेगळी करायला देतो. वरच्या हॉलमध्ये त्यांची तालीम सुरू झाली होती. माझ्या मुलाला मोजणीचं वेड लागलंय, तो पाकिटं उघडत होता. उपकारस्तुतीच्या एका पाकिटातून पन्नासची नोट निघाली आणि तिच्याबरोबर एक घडी. बहुधा सूचना चालू असताना उशिरा टाकलेली, पुढे द्यायची राहून गेलेली. त्यानं उघडली, वाचली.

“काय आहे?” मी विचारलं.

“आजीचं अक्षर आहे,” तो म्हणाला, आणि घडी शर्टाच्या खिशात टाकली. “आज रात्री वाचतो.”

मी दहाच्या नाण्यांच्या सत्ताविसाव्या नाण्यापाशी होते. की अठ्ठाविसाव्या. पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतली.